वीस गुणांची वाटणी

लेखनाचे काम विद्यार्थ्यांनीच ठरवावे आणि त्याला गुण कशाच्या आधारावर द्यायचे तेही त्यांनीच ठरवावे, अशी एक पद्धत आम्ही पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात, द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात, दोन वर्षे चालवून पाहिली. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ही कल्पना नवी नाही. आम्ही मात्र मराठी घेऊन एम. ए. झालेली माणसे, कविता, कादंबरी आणि व्याकरण शिकवता शिकवता चाळिशी ओलांडली. तेव्हा सिद्धान्त मांडण्याचा अधिकार आमच्याकडे नाही आणि तशी हौसही नाही. जे पाहिले ते सांगावे आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू. प्रश्न असा: लिहिलेले चांगले की वाईट हे ठरवण्याचा अधिकार विद्यार्थ्याच्या हाती दिला, तर तो त्या अधिकाराचे काय करतो?

आधी वर्गाची ओळख करून दिली पाहिजे. पनवेल १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिकेचे शहर झाले. पण आमच्या बाकांवर बसणारी मुले एका शहराची नसतात. कोणी पनवेल-उरणच्या आगरी आणि कोळी गावांतली, कोणी खालापूर-कर्जतकडच्या ठाकूर नाहीतर कातकरी वाडीतून एसटी किंवा मिनीडोर धरून येणारी, कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात राबणाऱ्या माथाडी कामगारांची. या शेवटच्यांच्या घरी सातारा-सांगलीची किंवा मराठवाड्याची बोली अजून जागी असते. एका बाकावर तीन मुले बसली की तीन मराठी भाषा बसतात, असे आमच्यापैकी एक जण गमतीने म्हणतात. प्राध्यापकांच्या व्याख्यानात मात्र चौथीच असते, आणि परीक्षा त्या चौथीत द्यायची असते.

या मुलांकडून आजवर जे लेखन करवून घेतले जात असे, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. आपण सर्वांनी ते केलेले आहे. विषय फळ्यावर लिहायचा, मुदत सांगायची, ठरलेल्या दिवशी चाळीसेक वह्यांचा ढीग टेबलावर यायचा. त्यातल्या निम्म्या वह्यांचा उगम एकाच गाइडात, उरलेल्यांचा त्या निम्म्या वह्यांत. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि गाइडाचीही गरज उरली नाही. मजकूर यंत्राचा की मुलाचा, हे ओळखण्याच्या मागे आमचे काही सहकारी हात धुऊन लागले. आम्हांला त्या आधीचा प्रश्न अधिक छळत होता. ज्या लेखनाला वाचकच नाही, जे केवळ तपासले जाण्यासाठी जन्माला येते आणि तपासले गेले की मरते, ते माणसाने लिहिले काय आणि यंत्राने लिहिले काय, नेमके काय बिघडते?

म्हणून २०२४-२५ मध्ये पाच-सहा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला तीन गोष्टी ठरवायला सांगितल्या: काय लिहायचे, कोणासाठी लिहायचे, आणि २० गुण कशाकशाला किती वाटायचे. हे गुण त्या वर्षी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत जाणार नव्हते. ते विभागाच्या नोंदवहीतच राहणार होते. तरीही २० या आकड्याला एक वजन असते. आकडा नसला की मुले त्या गोष्टीला काम मानीत नाहीत.

सहकाऱ्यांचे भाकीत ठाम होते. मुले शुद्धलेखन वगळतील, सोपे विषय घेतील, एकमेकांच्या पदरात वीस-वीस गुण टाकतील आणि मोकळी होतील. आठवड्याने जे तक्ते आले ते वेगळेच निघाले. सात गटांपैकी पाचांनी पहिल्या ओळीत ‘शुद्धलेखन’ लिहिले होते. दोघांनी त्याला २० पैकी १० गुण दिले होते. हस्ताक्षराला ३, समासाला १, ‘मुद्देसूदपणा’ला ४. ‘सुविचार किंवा काव्यपंक्ती वापरल्यास’ २. काय लिहिले आहे, याला फार तर ३ गुण उरत होते. एका तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती: ‘बोलीभाषेतील शब्द आल्यास प्रत्येक शब्दास अर्धा गुण वजा.’ ही ओळ सुचवणारी मुलगी उरणकडच्या एका आगरी गावातून येते. तिच्या घरी ‘डोळा’ला ‘डोला’ आणि ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक शब्दाला अर्धा गुण वजा होणार होता तो तिच्याच आईच्या बोलण्यातून.

या कठोरपणाचे कारण आम्ही विचारले तेव्हा एका मुलाने शांतपणे सांगितले, “सर, आमची दहावी २०२१ची आहे.” वर्ग हसला, पण ते हसणे फारसे आनंदाचे नव्हते. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. तेव्हापासून ‘करोना बॅच’ हे बिरूद या मुलांना चिकटले. घरी, नात्यात, कामाच्या शोधात, कोणीतरी डोळे मिचकावून विचारतोच: तुम्ही तर पेपर न देता पास ना? ज्यांच्या गुणांवर कोणाचा विश्वास नाही, त्यांच्याच हाती गुण देण्याचे काम आले, तेव्हा त्यांनी प्रथम सिद्ध केले ते हे की आम्ही उदार नाही.

अंतर्गत गुणांविषयीचा हा संशय २०२१ मध्ये जन्मलेला नाही. २०१८ मध्ये राज्यातील दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले गेले, आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्यावरून केवढा गदारोळ झाला! २०१९-२० पासून ते गुण परत आणले गेले. शाळेने दिलेले गुण म्हणजे वरचे दूधपाणी, खरे गुण परक्या परीक्षकाचे, ही समजूत अशा उलटसुलट निर्णयांनी घट्ट होत गेली. मुलांनी ती आपल्याकडूनच घेतली.

तक्तेही त्यांनी आपल्याकडूनच घेतले होते. महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द शाळाशाळांत पोहोचले, मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करण्याची अपेक्षा आली, आणि लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या. पुढे दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. ‘स्वमत’, ‘अभिव्यक्ती’, ‘उपयोजित लेखन’ अशी तिची घरे. प्रत्येक घराला ठरलेले गुण आणि प्रत्येक गुणासाठी काय लिहावे याचे पाठ केलेले साचे. स्वमतही पाठ करून लिहिता येते, हे आमच्या विद्यार्थ्यांना पंधराव्या वर्षी कळलेले असते. या पिढीने लेखनाआधी लेखनाचा तक्ता पाहिला आहे. कोरा कागद दिला तर तिने त्यावर तोच तक्ता काढला, यात तिला दोष कसा द्यायचा?

अशा तक्त्याला इंग्रजीत जो ‘रुब्रिक’ हा शब्द आहे, त्याच्या मुळाशी लाल रंग आहे. हस्तलिखितांतील मथळे आणि सूचना लाल शाईने लिहीत, त्या लाल अक्षरांवरून हा शब्द आला. आपल्या पोथ्यांतही हिंगुळाची लाल शाई अशाच कामी येई. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी मात्र पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथला. आणि मराठीत आपण ज्याला ‘निकष’ म्हणतो तो तर प्रत्यक्ष दगड आहे: सोनाराचा कसोटीचा दगड, ज्यावर सोने घासून कस पाहतात. वर्गात आम्ही हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि एवढेच विचारले की तुमच्या तक्त्यातला दगड कोणी आणला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोणीतरी म्हणाले, “तो आधीपासूनच होता.”

तो आधीपासून नव्हता, हे दाखवायला शुद्धलेखनाइतके सोयीचे उदाहरण नाही. आज आपण ज्या नियमांनी मराठी लिहितो, ते मराठी साहित्य महामंडळाचे. त्यांतले चौदा १९६२ मध्ये आले आणि चार १९७२ मध्ये वाढवले गेले. त्यापूर्वी ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ असे अनुच्चारित अनुस्वार देणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण होते. त्यानंतर ते अशुद्ध ठरले. ज्यांच्या घरी जुनी खरेदीखते किंवा पत्रे होती त्यांना ती आणायला सांगितले. एका मुलीने पणजोबांचे १९५० च्या सुमाराचे पत्र आणले. तिच्या गटाच्या तक्त्याप्रमाणे ते तपासले तर पणजोबा शुद्धलेखनात दहापैकी शून्यावर गेले. आणि ज्या नियमांच्या धाकाने ही मुले बोलीतल्या शब्दाला अर्धा गुण कापू पाहत होती, त्याच नियमांत पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे. ती कोणी वाचलीच नव्हती.

इथे मॅक्सीन बर्नसन यांची आठवण होणे अपरिहार्य होते. मूळच्या अमेरिकेतल्या या विदुषीने फलटणच्या बोलण्यातील भेदांचा अभ्यास करून १९७३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९८४ मध्ये फलटणलाच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. जात, शिक्षण आणि घर यांच्याप्रमाणे एकाच गावात मराठी कशी बदलते हे ज्या अभ्यासकाने मोजून पाहिले, त्याच अभ्यासकाला पुढे लहान मुलांच्या वाचन-लेखनाचे काम हाती घ्यावेसे वाटले, हा योगायोग नसावा. मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात जागा द्यायची आणि तिथून त्याला प्रमाण भाषेपर्यंत न्यायचे, ही वाट फलटणला पहिलीपासून सुरू होते. आमच्याकडे मुले येतात ती अठरा-एकोणीस वर्षांची होऊन, आणि तोवर आपली बोली कुठे मिटायची हे ती फार चांगले शिकलेली असतात.

दुसऱ्या फेरीत तक्ते बदलले. सगळे नाहीत, दोन गटांनी आपला पहिला तक्ता जसाच्या तसा ठेवला आणि तो त्यांचा हक्क होता. बदललेल्यांपैकी तीन कामांविषयी सांगतो.

खालापूरकडच्या मुलांच्या गटाने वारसनोंदीचा अर्ज लिहायचा ठरवला. त्यांच्यातल्या एकाचे आजोबा वारले होते आणि सातबाऱ्यावर नावे चढायची होती. त्यांचे निकष असे: अर्जातील प्रत्येक गोष्ट कागदपत्रांशी जुळते, ८ गुण, गावातील शाळा लवकर सुटलेल्या माणसाला एकदा ऐकून अर्ज समजतो, ६ गुण, अर्ज दाखल होऊन पोच मिळते, ६ गुण. तिसऱ्या निकषावर एक संपूर्ण तास वाद झाला. पोच मिळणे न मिळणे हे काय लिहिणाऱ्याच्या हाती आहे? कार्यालयात माणूसच जागेवर नसला तर गुण का जावेत? शेवटी त्यांनीच तोड काढली. पोच मिळाली नाही, तर कोणत्या तारखेला, कोणते कारण सांगून परत पाठवले, याचे चार ओळींचे टिपण लिहायचे. दोष मजकुरात नसेल तर सहा गुण पूर्ण. या चार ओळींच्या टिपणात उपयोजित लेखन म्हणून आम्ही वर्षभर जे शिकवतो ते सगळे आले.

कळंबोलीच्या एका मुलीच्या गटाने आजीची हकीकत लिहिली. आजी मराठवाड्यात राहते आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने फोनवर सांगितलेली तिच्या लग्नाची गोष्ट लिहायची आणि लिहिलेली गोष्ट फोनवरच तिला वाचून दाखवायची. निकषांत एक कलम होते: ‘ऐकल्यावर आजीने कमीत कमी तीन दुरुस्त्या सांगितल्या पाहिजेत. न सांगितल्यास ती नीट ऐकत नव्हती किंवा आपण खोटे चांगले लिहिले आहे असे समजावे.’ दुरुस्त्या कशा सामावून घेतल्या याला ८ गुण. आजीने सात दुरुस्त्या सांगितल्या. त्यातली एक अशी की मुलीने ‘मला दुःख झाले’ असे लिहिले होते आणि आजी म्हणाली, मी असं कधीच म्हणाले नाही, मी म्हणाले की दोन दिवस भाकर गिळली नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला आम्ही हे उदाहरण आता नेमाने देतो.

तिसरा गट त्या अर्ध्या गुणाच्या कलमाचा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावे उठली. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. आमच्या २०२४-२५ च्या वर्गात त्या दहांपैकी एका गावातून उठलेल्या घरचा एक मुलगा होता. त्याच्या गावातल्या शेतांना, खाचरांना, बांधांना नावे होती. झाडावरून, मूळ मालकावरून, कोणे एके काळी फुटलेल्या बांधावरून पडलेली. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी केवळ गट क्रमांक होते. गावच गेल्यावर नावे जिभेवर तेवढी राहिली, तीही साठीच्या पुढच्या जिभांवर. गटाने ती नावे, प्रत्येकाची दोन-दोन ओळींची माहिती देऊन, गोळा करायची ठरवले.

निकष ठरवताना पहिलाच प्रश्न आला तो लिपीचा. सांगणारा ‘ल’ म्हणतो, आपण ‘ळ’ लिहायचा का? ज्या मुलीने अर्धा गुण वजा करण्याचे कलम आणले होते, तिनेच नवे कलम लिहिले: ‘नाव सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिल्यास ५ गुण. सुधारून लिहिल्यास शून्य.’ दुसरे कलम: प्रत्येक नाव दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी एकमेकांच्या गैरहजेरीत सांगितलेले असावे, ७ गुण. या मुलांनी संशोधनपद्धतीचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते.

ही कथा इथेच थांबवली तर ती फार गोड होईल. त्या मुलीने प्रस्तावनेसाठी शुद्धलेखनाचे ५ गुण तसेच ठेवले होते, आणि गटातल्या दुसऱ्यांनी ते काढायला सांगितले तेव्हा तिने नकार दिला. तिचे म्हणणे असे: “मॅडम, तुम्ही वर्गात ‘डोला’ चालेल म्हणता. उद्या मी भरतीचा फॉर्म लिहीन, तिथे तुम्ही नसाल.” आमच्याकडे याला उत्तर नव्हते आणि आजही नाही. बोलीचा अभिमान बाळगा, असे प्रमाण भाषेवर पगार घेणाऱ्याने सांगणे सोपे असते. तिने दोन दगड ठेवले आणि कोणता कुठे वापरायचा ते ठरवले. आमच्या मते या दोन वर्षांत आमच्या वर्गात घडलेली सर्वांत शहाणी गोष्ट ती होती.

आता आक्षेपाकडे वळू. विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांवर भरवसा कसा ठेवायचा? या प्रश्नात एक गृहीत लपलेले आहे: आम्ही दिलेल्या गुणांवर भरवसा ठेवता येतो. सर फिलिप हार्टॉग हे नाव आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात दोनदा येते. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आणि १९२९ मध्ये भारतीय शिक्षणावर अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून. त्याच हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ मध्ये इंग्लंडमधील परीक्षांची एक तपासणी प्रसिद्ध केली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांना दिल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा तपासायला दिल्या. २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला: नापासाचा पास झाला, पासाचा नापास, वरची श्रेणी खाली. भाषेची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. दुपारी तीनचा परीक्षक आणि सकाळी अकराचा परीक्षक ही दोन माणसे असतात.

विद्यार्थ्यांच्या बाजूचे मोजमापही झालेले आहे. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेले गुण आणि अध्यापकांचे गुण यांचा सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला, म्हणजे बऱ्यापैकी घट्ट. त्याहून मोलाचा त्यांचा दुसरा निष्कर्ष: नीट समजलेले निकष मनात ठेवून एकूण लेखनाला एकच गुण दिला, तर विद्यार्थी आणि अध्यापक अधिक जवळ येतात, तुकड्या-तुकड्यांना वेगवेगळे गुण दिले की दुरावतात. तक्त्यात घरे वाढवली की न्याय वाढतो, ही आपली आवडती समजूत यात टिकत नाही. आमच्या वर्गातही हेच दिसले. समासाला एक गुण असे लिहिले की समासावरून भांडण होई. आजीच्या दुरुस्त्यांना आठ गुण असे लिहिले की लेखनावरून होई.

तरीही दुसऱ्या वर्षाने आम्हांला जमिनीवर आणले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाले. ती मुले २०२५-२६ मध्ये द्वितीय वर्षाला आली आणि त्यांच्याबरोबर अंतर्गत गुण गुणपत्रिकेत गेले. काम तेच, गट तसेच, वीस गुणही तेवढेच. पण आता त्या आकड्याला बाजारभाव होता. पहिल्या वर्षी कोणी कोणाला अठराच्या वर दिले नव्हते. दुसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत अठराच्या खाली कोणी उतरेना. मुले अधिक वाईट होती असे नव्हे. मित्राची नोकरी आपल्या पेनाच्या टोकावर आहे, असे वाटू लागले की भल्याभल्यांचा हात सैल पडतो. मग एक नियम आम्ही घातला, आणि तो आमचा होता, मुलांचा नव्हे: एका गटाचे काम दुसरा गट तपासेल आणि प्रत्येक आकड्यापुढे एक पूर्ण वाक्य लिहील. ‘छान’, ‘उत्तम’, ‘सुंदर मांडणी’ हे वाक्य नव्हे. आकडे फारसे खाली आले नाहीत. वाक्ये मात्र खरी येऊ लागली, आणि आमच्या लक्षात आले की वर्षातले सर्वांत काळजीपूर्वक केलेले गद्यलेखन या गुणांपुढच्या वाक्यांत आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या वर्षी एक कातकरी विद्यार्थी होता. दिवाळीनंतर त्याचे कुटुंब वीटभट्टीवर जाते. तोही जानेवारीत तीन आठवडे वर्गात नव्हता. तो परत आला तेव्हा त्याच्या गटाचे निकष ठरून गेले होते. त्यात ‘नियमित उपस्थिती व सहभाग’ याला ४ गुण होते. निकष सर्वानुमते मंजूर झाले आहेत, असे खाली लिहिले होते आणि सहाच्या सहा सह्या होत्या. त्याची सही दुसऱ्याने केली होती. विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवलेले निकष, असे आपण म्हणतो तेव्हा कोणते विद्यार्थी? ज्यांचा आवाज मोठा आहे ते, ज्यांच्या घरचे वर्षभर एका जागी राहतात ते, ज्यांना सभेत बोलायची सवय आहे ते. वरची सत्ता काढून घेतली की खाली लगेच दुसरी तयार होते, हे ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गटाने कलम बदलले. निकष वर्षात एकदा ठरण्याऐवजी दोनदा ठरतील आणि गैरहजर असलेल्याचे म्हणणे दुसऱ्या वेळी आधी ऐकले जाईल, असे आता वर्गाच्या नियमांत आहे. तो मुलगा दुसऱ्या बैठकीत बोलला ते एकच वाक्य: भट्टीवर असताना मी जे लिहिलं ते कुठे धरायचं? ते धरले गेले.

इथून जवळच, पेण तालुक्यातल्या गागोद्यात, १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली होती. गुणांच्या जाचाविषयी बोलू लागले की कोणीतरी ही गोष्ट काढतोच. पण आमच्या विद्यार्थ्यांना सुरतेला उतरता येत नाही. पोलीस भरती, बँकेची परीक्षा, विमानतळावरचे काम, सगळीकडे गुणपत्रिका लागते, आणि ती मागणाऱ्याला त्यांच्या निकषांशी कर्तव्य नसते. परीक्षेतून त्यांची सुटका करण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. परीक्षकाच्या हातातला दगड कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने आणून ठेवलेला असतो आणि तो कोणाचा हे विचारता येते, एवढे त्यांच्या हाती लागले तर पदवीच्या तीन वर्षांत थोडे काही शिकवले, असे म्हणू.

विद्यापीठाला पाठवायच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे एकच घर असते आणि त्यात एकच संख्या मावते. म्हणून विभागात आता दुसरी वही ठेवली आहे; तीत गुणांपुढची वाक्ये उतरवली जातात. २०२४-२५ च्या पानांवर, शेतांची नावे गोळा करणाऱ्या गटापुढे, त्यांच्याच आग्रहावरून लिहिलेले हे आहे: ‘वीसपैकी तेरा. सतरा नावे दोन-दोन घरांतून मिळाली. वरच्या खारीचे नाव एकाच म्हातारीने सांगितले. दुसरे घर अजून सापडलेले नाही.’